सही माझी होती

आमच्या विभागात 'सुंदर' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. पॅथॉलॉजीच्या माणसांना या शब्दाची खोड असते. मायक्रोस्कोपखाली एखाद्या दुखण्याचं अगदी पुस्तकातल्यासारखं चित्र दिसलं, की तोंडातून आपसूक निघून जातं, काय सुंदर केस आहे! मीही तशीच शिकले होते. लखनौच्या एका वैद्यकीय संस्थेत रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात मी एका स्लाइडला सुंदर म्हटलं. पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या बाईंनी डोळा भिंगावरून न हलवता मराठीत सांगितलं, "सुंदर म्हणू नका. ज्याची ती गाठ आहे तो बाहेर बाकावर बसलाय."

मी दारातून वाकून पाहिलं. बाकावर खरोखरच एक माणूस बसला होता. मानेला पट्टी, मांडीवर मूंगफलीची पुडी. एक एक दाणा सोलून तो शेजारच्या बायकोच्या हातावर ठेवत होता.

त्या बाई म्हणजे डॉ. नलिनी वैरागडे. ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणत, मी घरी नलूताई म्हणायला लागले आणि पुढे ऑफिसातही कधी कधी तसंच तोंडात यायचं. मूळच्या अकोल्याकडच्या. दोन-तीन वर्षं संशोधन करू आणि परत जाऊ अशा बेताने तरुणपणी लखनौला आल्या, त्या राहिल्याच. लग्न केलं नव्हतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारावं असा त्यांचा चेहराही नव्हता.

त्यांचा विषय लिम्फोमा. मान, काख, जांघ अशा ठिकाणी आपल्या शरीरात ज्या बारीक बारीक ग्रंथी असतात, त्यांचा हा कॅन्सर. ग्रंथी सुजते, गाठ हाताला लागते, दुखत मात्र नाही. आणि आपल्याकडे मानेला गाठ आली की डॉक्टर आधी टीबी म्हणतात. बहुतेक वेळा तो असतोही. जेव्हा नसतो, तेव्हा टीबीच्या गोळ्या खाण्यात महिने निघून जातात आणि आतला कॅन्सर निवांत पसरतो. नलूताईंचं सगळं आयुष्य या दोन दुखण्यांमधल्या फटीत गेलं. कुठलाही डॉक्टर फोनवर शंका विचारू लागला की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "गाँठ निकालो। पूरी निकालो। फिर बात करो।"

वीस वर्षं लखनौत काढूनही त्यांची हिंदी अकोल्याचीच राहिली होती. 'मैं बोली ना', 'वो बराबर नहीं है करके' असं त्या बेधडक बोलत. आमचे टेक्निशियन शकीलभाई जुन्या लखनौचे, शब्द तोलून वापरणारे. एकदा ते न राहवून म्हणाले, "मैडम, आपकी हिंदी सुनकर दिल को कुछ होता है।" नलूताई म्हणाल्या, "होने दो। गाँठ तो नहीं होती ना?" शकीलभाईंनी हा किस्सा पुढे वर्षानुवर्षं सांगितला, आणि दरवेळी त्यांची हिंदी आणखी थोडी बिघडवून सांगितला.

आम्ही दोघी विकास नगरात राहायचो, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. माझा नवरा अमौसीच्या विमानतळावर एका विमान कंपनीत होता, त्याच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे मी नलूताईंच्या गाडीतून कामाला जायला लागले. त्या गाडी इतकी हळू चालवत की मागून सायकलरिक्षावाले घंटी वाजवत. घराच्या मागच्या अंगणात त्यांनी अंबाडी लावली होती. लखनौत ती कुठल्याही सब्जीवाल्याकडे मिळत नाही म्हणून बी अकोल्याहून आणलेलं. पावसाळ्यात पानं आली की एक जुडी आमच्याकडे यायची. माझी मुलगी त्यांच्याशी हिंदीत बोलायची आणि त्या तिच्याशी वऱ्हाडीत. दोघींपैकी एकीनेही माघार घेतली नाही, आणि गंमत म्हणजे दोघींचं सगळं एकमेकींना कळायचं.

कामातली त्यांची एक सवय सांगायला हवी. त्या स्लाइड आधी नुसत्या डोळ्याने, खिडकीच्या उजेडात धरून बघत. मग मायक्रोस्कोपखाली. मग ती बाजूला ठेवून चहा पिऊन येत, आणि जणू पहिल्यांदाच बघतोय अशी पुन्हा बघत. सही त्यानंतर. कामाचा ढीग साचलेला असला की आम्ही चुळबुळत असू. त्या म्हणत, पहिल्यांदा डोळा बघतो, दुसऱ्यांदा आपण बघतो.

एवढं करूनही नीलमच्या बाबतीत ते झालं.

थंडीचे दिवस होते. आमच्या सर्जनने काढलेली एक पूर्ण गाठ विभागात आली. नीलम नावाची ही मुलगी शहराच्या टोकाला असलेल्या चिनहटची, विशी नुकतीच ओलांडलेली, लहान मुलांच्या शाळेत शिकवणारी. स्लाइड तयार झाल्यावर शंका घ्यायला जागाच नव्हती, लिम्फोमा होता. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की वर्षभर टीबीची औषधं चालू होती, आणि त्याआधी सुई घालून जी तपासणी झाली, तिचा रिपोर्ट आमच्याच विभागाचा होता. नलूताईंनी तो ओळखला. त्यांनी शकीलभाईंना जुनी स्लाइड काढून आणायला सांगितली.

आमच्याकडे दोन माणसांनी एकाच वेळी बघायचा मायक्रोस्कोप होता. त्या एका बाजूला बसल्या, मला दुसऱ्या बाजूला बसवलं. सुईतून येतो तेवढाच, चिमूटभर पेशींचा ठिपका. टीबीत दिसतात तसे पेशींचे पुंजके एकामागून एक सरकत गेले. मीही टीबीच म्हटलं असतं. स्लाइडच्या अगदी कडेला त्या थांबल्या. तिथे एकच मोठी पेशी होती, दोन केंद्रकांची, घुबडाने रोखून पाहावं तशी. या प्रकारच्या लिम्फोमाची तीच ओळख. आणि हा आजार असा कावेबाज, की स्वतःभोवती टीबीसारखे पुंजके उभे करून त्यांच्या आड बसतो.

नलूताईंनी मायक्रोस्कोपवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "दिसली?"

मी हो म्हटलं.

"मागच्या वर्षीही ती इथंच होती," त्या म्हणाल्या.

विभागप्रमुखांनी स्वतः येऊन स्लाइड पाहिली. भला माणूस होता. त्यांनी सांगितलं की ही चूक म्हणायचीच नाही, एवढ्याशा नमुन्यात कुणाच्याही नजरेतून ती पेशी सुटली असती. शिवाय रिपोर्टच्या खाली नलूताईंनी लिहिलं होतं की गरज वाटल्यास पूर्ण गाठ काढून तपासावी. म्हणजे जबाबदारी पुढच्या डॉक्टरची. घरच्यांना यातलं काही बोलायचं कारण नाही, संस्थेचं नाव आहे, कोर्टकचेरी होऊ शकते.

"ते मी खाली बारीक अक्षरात लिहिलं, सर," नलूताई म्हणाल्या. "वर मोठ्या अक्षरात टीबी लिहिलं."

त्या रविवारी सकाळी त्या माझ्या दारात आल्या. चिनहटला जायचंय म्हणाल्या. एकटीने जायची हिंमत होत नाही, तू गाडीत बस, पण बोलायचं काही नाही.

कारखान्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची एक रांग होती. नीलमचे वडील रामसजीवन तिथल्याच एका कारखान्यात चौकीदार. रात्रपाळी करून आले असावेत, खाकी पँट अजून अंगावर होती. आई नव्हती. नीलम खोलीबाहेर खाटेवर, उन्हात बसली होती आणि मुलांच्या वह्या तपासत होती. इतक्या मोठ्या डॉक्टर घरी आल्या म्हणून त्यांची धांदल उडाली. आमच्यासाठी खुर्च्या शेजारून आणल्या, पाणी आणि गुळाचा खडा समोर ठेवला.

नलूताईंनी त्याला हात लावला नाही. त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत, सरळ नीलमकडे बघून त्यांनी सांगितलं, "पिछले साल की रिपोर्ट पर सही मेरी थी। बीमारी उसमें थी। मुझे दिखी नहीं।"

रामसजीवन उभेच होते, ते उभेच राहिले. नीलमने पेनाचं टोपण लावलं. तिने विचारलं, "अब तो दिख गई ना?"

"हाँ। अब दिख गई।"

मग नलूताईंनी उपचार कसे होतील, केस जातील, उलट्या होतील, पण हा आजार बरा होणाऱ्यांपैकी आहे, असं सगळं नीट समजावलं. नीलमने दोन-चार प्रश्न विचारले. शाळा किती दिवस सोडावी लागेल, हा त्यातला पहिला. शेवटी तिनेच पाण्याचा पेला उचलून नलूताईंच्या हातात दिला, तेव्हा त्या प्यायल्या.

रामसजीवन आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आले. नलूताई दार उघडून बसणार तोच ते म्हणाले, "आपने बताया काहे को, मैडम? हम तो जानते भी नहीं थे।"

आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. नलूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या गाडीत बसल्या.

फैजाबाद रोडला लागल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. बाजूने ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर आमची गाडी हलत होती. त्या म्हणाल्या, "सांगून मी माझं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवलं का गं?"

मी गप्प बसले. बोलायचं नाही असं ठरलं होतं म्हणून नव्हे. या प्रश्नाला काय म्हणावं ते मला आजही कळलेलं नाही. नलूताईंनाही कळलं नसावं. त्यानंतर कितीतरी वर्षं, काहीतरी भलतंच चाललेलं असताना, त्या मध्येच तो प्रश्न पुन्हा विचारत, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पुढच्या कामाला लागत.

नीलमवर उपचार झाले. गाठी विरघळल्या. दुपट्ट्याने डोकं झाकून ती तपासणीला यायची, आमच्या विभागात डोकावून शकीलभाईंना सलाम करायची. केस परत आले, ती शाळेत परत गेली. सगळ्यांना वाटलं, निभावलं. दोनेक वर्षांनी आजार उलटला, आणि यावेळी औषधांना बधला नाही. शरीरात सगळीकडे पोचलेला आजार उलटला की त्या काळी आमच्याकडे फार काही उरत नसे. भर उन्हाळ्यात ती गेली.

महिनाभराने रामसजीवन आले. नलूताईंनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं, दार उघडं ठेवलं. मी आणि शकीलभाई बाहेर होतो, ऐकू येऊ नये इतकं काही अंतर नव्हतं. त्यांनी एकच गोष्ट विचारली. "साल भर पहले पकड़ में आ जाती, तो बच जाती?"

याला एक शास्त्रशुद्ध उत्तर आहे. एकट्या माणसाबद्दल तसं काही सांगता येत नाही, हे ते उत्तर, आणि ते खोटंही नाही. मी मनातल्या मनात नलूताईंना ते उत्तर पुरवत होते.

त्या म्हणाल्या, "बचने की उम्मीद बहुत ज़्यादा थी।"

रामसजीवननी मान हलवली. मग उठून, आम्हा दोघांना हात जोडून निघून गेले. नलूताईंना त्यांनी हात जोडले की नाही, ते मला दिसलं नाही. शकीलभाईंनी त्यांच्यासाठी मागवलेला चहा तसाच परत नेला. रामसजीवन पुन्हा कधी आले नाहीत. त्यांनी माफ केलं असेल असं नलूताई कधी म्हणाल्या नाहीत, आणि दुसऱ्या कुणी म्हटलेलं त्यांना चालत नसे.

तोवर त्यांचं काम चार भिंतींतलं होतं. त्यानंतर त्या बाहेर पडल्या. शनिवारी सकाळी बस धरायची आणि सीतापूर, गोंडा, बहराइच, हरदोई, जिथे कुठे डॉक्टरांची सभा असेल तिथे जायचं. पिशवीत रिकाम्या औषधाच्या बाटल्या, प्रत्येकीत गाठ कुजू न देणारं फॉर्मेलिन भरलेलं. बाहेरगावच्या गाठी आमच्याकडे ज्या अवस्थेत येत ते सांगितलं तर खरं वाटणार नाही. कुणी नुसत्या सलाइनमध्ये पाठवायचं, कुणी लोणच्याच्या बरणीत. येईपर्यंत कुजलेल्या असत, त्यातून काही कळणं अशक्य. नलूताई जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांच्या टेबलांमधून फिरून बाटल्या वाटत. सुई नको, तुकडा नको, अख्खी गाठ काढा आणि काढल्या काढल्या यात टाका, एवढंच मागणं. काही डॉक्टर ती बाटली घेऊन टेबलावरच विसरून जात. त्या ती उचलून पुन्हा त्यांच्या हातात देत.

एका गावात, मीही सोबत गेले होते तेव्हा, डॉ. मिश्रा म्हणून एक वयस्क डॉक्टर भेटले. सबंध तालुका त्यांच्यावर विश्वास ठेवून जगत होता. भाषण झाल्यावर ते उठले आणि अदबीने, पण सगळ्यांसमोर म्हणाले, की मॅडम, तुमच्याकडे येतात ते न बरे झालेले. माझ्याकडे मानेच्या गाठी घेऊन जे येतात, ते बहुतेक सगळे टीबीच्या औषधाने बरे होतात. प्रत्येकाची मान कापत बसू का? इथे भूल द्यायला माणूस नाही. सभेत हशा पिकला.

मला वाटलं आता नलूताईंचा पारा चढणार. पण त्या व्यासपीठावरून खाली आल्या आणि त्यांच्याजवळची खुर्ची ओढून बसल्या. तुमचं बरोबर आहे, म्हणाल्या. मग मला एवढंच सांगा, औषध लागू पडत असेल तर गाठ किती दिवसांत कमी व्हायला लागते? मिश्राजींनी विचार केला. दोन महिन्यांत फरक कळतो, म्हणाले. नलूताईंनी विचारलं, आणि दोन महिन्यांत नाही कळला तर?

"तो हम दवा बढ़ा देते हैं," मिश्राजी म्हणाले. ते बोलता बोलताच बहुधा त्यांच्या लक्षात आलं.

त्या दिवशी त्या दोघांत जे ठरलं, तेच पुढे नलूताईंनी गावोगाव सांगितलं. टीबी समजून औषध द्या, हरकत नाही. पण दोन महिन्यांत गाठ हलली नाही, तर औषध वाढवायचं नाही, गाठ काढायची. कुठल्याही मोठ्या परिषदेत उभं राहून सांगावं असं त्यात काही नव्हतं. मिश्राजींकडून मात्र त्यानंतर बाटल्या यायला लागल्या, व्यवस्थित बूच लावलेल्या, वर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलेलं. ज्या मुलामाणसांना वेळेवर उपचार मिळाले, त्यांना त्या दोघांची नावंही माहीत नसतील.

परिषदांत नलूताईंचं नाव झालं ते वेगळ्याच कामामुळे. लिम्फोमाच्या पेशींवरचं एक प्रथिन त्यांनी तपासलं होतं. ते ज्यांच्यात दिसतं, त्यांना सौम्य औषधांनीही गुण येतो, असं त्या अभ्यासात निघालं. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात तो पेपर छापून आला. भाषणाची आमंत्रणं आली, संस्थेच्या वार्षिक अहवालात फोटो छापला. तेव्हाच विभागप्रमुख निवृत्त होत होते आणि त्या जागेवर नलूताईच येणार हे सगळे धरून चालले होते.

अशात दक्षिणेकडच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरने फोन करून तपासणीची कृती मागितली. ती वापरून कोणत्या पेशंटला सौम्य औषध द्यायचं हे तो ठरवणार होता. नलूताई त्याला म्हणाल्या, थोडे दिवस द्या. फोन ठेवला आणि मला सांगितलं, सगळं पुन्हा करून बघू. मी म्हटलं, पुन्हा कशाला? "आतापर्यंत तो कागद होता," त्या म्हणाल्या. "आता त्याच्यावर कुणाचं तरी औषध कमी होणार."

त्या तपासणीसाठी जे रसायन लागतं ते नव्याने मागवलं. जुन्या स्लाइड नव्या रसायनाने रंगवल्या, आणि चित्र बदललं. जिथे रंग दिसायला हवा तिथे दिसेना. शकीलभाईंनी पुन्हा रंगवल्या, मी स्वतः रंगवल्या. शेवटी उलगडलं की पहिल्या वेळचं रसायनच सदोष होतं, ते भलत्याच गोष्टींना चिकटून रंग दाखवत होतं. यात कुणाचा दोष नव्हता, पण निष्कर्ष खोटा होता.

नलूताईंनी आधी त्या डॉक्टरला फोन केला आणि ही तपासणी वापरू नका म्हणून सांगितलं. मग त्या संचालकांकडे गेल्या, पेपर मागे घेते आहे हे कळवायला. संचालकांनी दार लावून घेतलं. मागे घेऊ नका असं ते म्हणाले नाहीत. पदाची मुलाखत तोंडावर आहे, ती होऊन जाऊ दे, मग सावकाश कळवा, काही आठवड्यांचाच प्रश्न आहे, असं त्यांनी समजावलं. हे सगळं नलूताईंनीच मला घरी येताना गाडीत सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, एकाचा फोन आला म्हणून मला कळलं. न विचारता वापरणारे किती असतील, ते कसं कळणार मला?"

पेपर मागे घेतला गेला. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला. जागा त्यांच्याहून बऱ्याच कनिष्ठ माणसाला मिळाली. तो वाईट नव्हता, नलूताईंनी स्वतः जाऊन त्याचं अभिनंदन केलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या हाताखाली काम सुरू केलं. पण विद्यार्थी हुशार असतात. त्यांच्याकडे संशोधन करायला येणारी मुलं दुसऱ्या मार्गदर्शकांकडे वळली. बाहेरच्या परिषदेत चहाच्या वेळी कुणीतरी कुणाला तरी हळूच सांगताना मी ऐकलं, त्याच त्या, पेपर मागे घ्यावा लागला त्या. 'घ्यावा लागला' आणि 'घेतला' यातला फरक कोण बघतो?

त्या पावसाळ्यात एकदा मी त्यांच्याकडे गेले होते. अंगणाकडच्या पायरीवर बसून आम्ही अंबाडी निवडत होतो. मी त्यांची समजूत घालायला काहीबाही बोलले असेन. पदात काय असतं, काम महत्त्वाचं, अशा थाटाचं. नलूताईंनी पानं तोडता तोडता मला थांबवलं.

"वाईट वाटते बापा," त्या म्हणाल्या. "खोटं कायले बोलू? हेड व्हायचं होतं मले."

इतक्या वर्षांत माझ्याशी त्या वऱ्हाडीत अशा पहिल्यांदाच बोलल्या. मी पुढचं सगळं गिळलं आणि पानं निवडत राहिले.

त्यानंतर काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ झाला, शाल दिली, ज्यांनी त्यांच्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं होतं तेही चांगलं बोलले. त्या उत्तरादाखल उठल्या. सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाल्या, की माझ्या हातून सुटलेल्या ज्या गाठी मला कळल्या, त्यांच्याबद्दल मी बोलू शकते. न कळलेल्या किती, ते मला माहीत नाही. तुम्हीही सही करताना एवढं ध्यानात ठेवा. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कळेना. शकीलभाईंनी सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या.

अकोल्याहून भाऊ सारखा बोलवत होता, तरी पुढची दोन-तीन वर्षं त्या विकास नगरातच राहिल्या. मग गुडघे फारच दुखायला लागले तेव्हा घर आवरून गेल्या, आणि वर्षभरात तिकडेच, झोपेत, गेल्या. मला फोनवर कळलं. लखनौहून जायला कुणालाच जमलं नाही. शकीलभाईंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून पुसला आणि पुन्हा टेबलावरच ठेवला.

माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं जे चित्र राहिलंय ते मात्र त्याआधीचं, त्या लखनौत होत्या तेव्हाचं. परीक्षक म्हणून मी एका जिल्ह्याच्या गावी गेले होते. परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना भेटायला गेले. व्हरांड्यात पेशंटची गर्दी होती. सर्जरीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आत नलूताई होत्या.

नलूताई दर शनिवारी कुठेकुठे जातात हे माहीत होतं, इथे असतील हे माहीत नव्हतं. आम्ही पॅथॉलॉजीवाले सहसा पेशंटला हात लावत नाही. आमच्याकडे येतो तो काचेवरचा तुकडा. नलूताईंना मी कधीच कुणा आजारी माणसाला तपासताना पाहिलेलं नव्हतं. इथे एका स्टुलावर एक म्हातारी बसली होती, आणि नलूताई तिच्या मागे उभ्या राहून दोन्ही हातांनी तिची मान चाचपत होत्या. डोळे मिटलेले. बोटं कानामागून जबड्याखाली, तिथून सावकाश गळ्याच्या हाडापर्यंत उतरत होती. बाजूला एक तरुण सर्जन उभा होता. एका जागी त्यांची बोटं थांबली. त्यांनी डोळे न उघडता त्याचा हात धरला आणि आपल्या बोटांच्या जागी त्याची बोटं ठेवली.

म्हातारी आपली बोलतच होती. म्हशीला काहीतरी झालं होतं, जावयाने लक्ष दिलं नव्हतं, असं काहीसं.

"अम्मा, ज़रा चुप," नलूताई म्हणाल्या.

म्हातारी गप्प झाली. मी दाराशीच थांबले, आत गेले नाही. ती तिघंही तशीच राहिली, म्हातारी समोर बघत, तो मान वाकवून, आणि नलूताई त्याच्या हातावर हात ठेवून, त्याला कळेपर्यंत.